श्रद्धा ‘मी’ची की ‘आम्ही’ची? संविधान सभेतल्या वादांकडून आज काय घेता येईल

टिपणवही (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सार्वजनिक चर्चेत देवाधर्माचा विषय निघाला की दोनच उत्तरं कानावर येतात. एक, धर्म घरात ठेवा, चव्हाट्यावर आणू नका. दुसरं, हा देश श्रद्धाळूंचा आहे, तेव्हा कायद्यातही श्रद्धा दिसलीच पाहिजे. ही दोन उत्तरं समोरासमोर आली की पाचव्या मिनिटाला मुद्दा संपतो आणि माणसांची उणीदुणी सुरू होतात.

मला वाटतं, यापेक्षा चांगलं उत्तर आपल्या संविधान सभेने दिलं होतं, तेही फाळणीच्या जखमा ओल्या असताना. त्यासाठी दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावे लागतात.

पहिला डिसेंबर १९४८ चा, राष्ट्रपतींच्या शपथेचा. मसुद्यात देवाचा उल्लेख नव्हता. हरि विष्णू कामत आणि महावीर त्यागी या सदस्यांनी तो असावा असा आग्रह धरला. डॉ. आंबेडकरांनी दोन्ही पर्याय ठेवायला मान्यता दिली. आज अनुच्छेद ६० मध्ये ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ हे दोन्ही आहेत, घेणाऱ्याने निवडायचं. तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार, आमदार, न्यायाधीश यांच्यासाठीही तसंच.

दुसरा १७ ऑक्टोबर १९४९ चा, उद्देशिकेचा. कामतांनीच सुचवलं की सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने, आम्ही भारताचे लोक’ अशी करावी. सूचनेवर मत घेतलं गेलं. बाजूने ४१, विरोधात ६८. सूचना पडली.

सभा तीच, कामतही तेच. मग एकदा देवाला जागा मिळाली आणि एकदा नाही, हे कसं? माझं वाचन असं: शपथेत बोलणारा ‘मी’ असतो. त्याला त्याच्या देवाला साक्षी ठेवू द्यायला कोणाची हरकत असायचं कारण नाही. उद्देशिकेत बोलणारे ‘आम्ही’ आहोत, आणि एकदा ‘आम्ही’ म्हटलं की न मानणाऱ्याच्या तोंडीही ते शब्द जातात. थाणू पिल्लै यांचा आक्षेप हाच होता, की यात श्रद्धेची सक्ती होते.

तर प्रश्न असा: सार्वजनिक वादात हाच नियम पाळता येईल का? ‘मी’ म्हणताना श्रद्धा मोकळेपणाने सांगा, ‘आम्ही’ म्हणताना सगळ्यांना उच्चारता येईल तेवढंच बोला. की हे बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे?

लोलक

उद्देशिकेच्या त्या दिवशीचा माझा आवडता भाग म्हणजे आसामचे रोहिणीकुमार चौधरी. ते कामाख्येच्या मुलखातले, शक्तीचे उपासक. देवाचं नाव घालायचं असेल तर देवीचं का नको, असं त्यांनी विचारलं. सभागृहात हशा पिकला असेलच, पण प्रश्न बिनतोड आहे. ‘ईश्वर’ हा एक शब्द ठरवायला बसलं तरी आस्तिकांमध्येच तीन गट पडतात.

समईवात

@टिपणवही, मांडणी सुबक आहे, पण मी सहमत नाही.

श्रद्धा ही अंगरख्यासारखी खुंटीला टांगून सभेत जाता येत नाही. ज्याला सत्य बोलायची प्रेरणा देवामुळे मिळते, त्याने ‘आम्ही’ म्हणताना ती प्रेरणा बाहेर ठेवायची आणि न मानणाऱ्याला मात्र काहीच बाहेर ठेवावं लागत नाही, ही समान वागणूक कशी? देव वगळणं हीसुद्धा एक भूमिकाच आहे. कामतांची सूचना पडल्यावर ते व्यथित झाले, आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे असं ते सभागृहातच म्हणाले. ती व्यथा नाटकी नव्हती. तिच्याकडे नुसतं ‘४१ विरुद्ध ६८’ म्हणून पाहू नये.

शिवाय सर्वसमावेशक शब्दांचा प्रयत्नही झाला होता. निरनिराळ्या लोकांत निरनिराळ्या नावांनी ओळखला जाणारा परमेश्वर, अशा आशयाची गोविंद मालवीयांची सूचना होती. यात वगळलं कोण जातं?

रानवारा

@समईवात, वगळले जातात ते जैन आणि बौद्ध. त्यांच्याकडे जगन्नियंता कर्ता ईश्वरच नाही, मग त्याला कितीही नावं द्या. आणि नास्तिक. नाव बदललं की अडचण सुटते हे फक्त ईश्वरवादी धर्मांपुरतं खरं आहे.

पण तुमचा पहिला मुद्दा वजनदार आहे. ‘देव नाही’ असं उद्देशिकेने म्हटलं असतं तर तो पक्षपात ठरला असता. तिने तसं म्हटलेलं नाही. उलट ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ असे पाच शब्द घातले. हृदयनाथ कुंझरूंनी याच पाच शब्दांवर बोट ठेवलं होतं: एका हाताने हे स्वातंत्र्य द्यायचं आणि त्याच वाक्याच्या आरंभी सगळ्यांच्या वतीने देवाचं नाव घ्यायचं, हे जुळत नाही.

कलमदान

‘धर्म घरात ठेवा’ हे पहिलं उत्तरही संविधान सभेने नाकारलं होतं, ते धाग्यात यायला हवं.

आजचा अनुच्छेद २५ मसुद्यात १९ होता. ६ डिसेंबर १९४८ ला तो मंजूर झाला. बिहारचे तजम्मुल हुसेन यांची सूचना होती की धर्म ‘खाजगीरीत्या’ आचरावा, आणि धर्म ओळखू येईल अशी खूण वा पोशाख नसावा. धर्म हा माणूस आणि निर्माता यांच्यातला मामला आहे, असं त्यांचं म्हणणं. सभेने ते स्वीकारलं नाही. अनुच्छेदात शब्द राहिले ते ‘मुक्तपणे प्रकट करणे, आचरणे व प्रसार करणे’. शिखांनी कृपाण धारण करणं हा धर्म प्रकट करण्याचाच भाग आहे, हे स्पष्टीकरणही खाली आलं. म्हणजे श्रद्धा रस्त्यावर दिसू शकते, बोलू शकते, पटवूही शकते.

‘प्रसार’ या शब्दावर खरी खडाजंगी झाली. लोकनाथ मिश्र यांचा कडवा विरोध होता. कन्हैयालाल मुन्शींचं उत्तर दोन पायऱ्यांचं होतं. हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या तडजोडीतून आला आहे, आणि तो काढला तरी भाषणस्वातंत्र्याखाली माणूस दुसऱ्याला पटवू शकतोच. टी. टी. कृष्णम्माचारींनी जोड दिली की हा हक्क एकट्या ख्रिश्चनांचा नाही, आर्य समाजाच्या शुद्धीलाही (हिंदू धर्मात परत घेण्याच्या विधीलाही) तोच लागू आहे.

वादाची ही रीत पाहण्यासारखी आहे. विरोधकाला ज्या शब्दाची धास्ती वाटते तो शब्द त्याच्या हातात दिला तर त्याचं काय होईल, हे दाखवायचं. पुढे १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रसार’ म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे, असा अर्थ लावला. त्यावरही मतभेद आहेत, पण तो वेगळा धागा.

उंबरठा

सगळं छान, पण संविधान सभेचं सोवळं चित्र रंगवू नका.

सदस्य प्रौढ मतदानाने निवडलेले नव्हते. त्यांतल्या बहुतेकांना प्रांतिक विधिमंडळांनी निवडलं आणि त्या विधिमंडळांचा मतदार मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या चाळणीतून आलेला. मुस्लिम लीगचे सदस्य सुरुवातीला आलेच नाहीत. बरेचसे सदस्य वकील आणि एकाच पक्षाचे. अशा घरात सभ्यपणा टिकवणं तुलनेने सोपं असतं.

आणि त्याच घरात तो मोडलाही. हीच सभा कायदेमंडळ म्हणूनही काम करत होती. तिथे हिंदू कोड बिल आलं तेव्हा काय झालं? लांबलचक भाषणं, तहकुब्या, एकेका कलमावर दिवसच्या दिवस. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं त्याच्या कारणांत हे बिल रखडणं हे मोठं कारण होतं. शेवटी १९५५-५६ मध्ये त्याचे चार तुकडे होऊन विवाह, वारसा, अज्ञानत्व व पालकत्व, दत्तक व पोटगी असे वेगळे कायदे झाले.

माणसं बहुतांशी तीच होती. मग फरक कशाने पडला?

टिपणवही

@उंबरठा, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नातच उत्तर आहे असं वाटतं. माणसं तीच असूनही वागणं बदललं, म्हणजे सभ्यपणा स्वभावावर कमी आणि कामाच्या मांडणीवर जास्त अवलंबून असतो.

संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडून चर्चेला आल्या. दुरुस्ती लेखी, आधी सूचना देऊन. बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. मांडणाऱ्याला जे हवंय ते नेमक्या शब्दांत द्यावंच लागायचं. ‘हे सगळं धर्मद्रोही आहे’ अशी दुरुस्ती मांडता येत नाही. ‘अमुक शब्दाऐवजी तमुक शब्द घालावा’ अशीच मांडता येते. राग ओतायचा तर तोही एका शब्दाच्या साच्यात ओतावा लागतो, आणि तिथे तो निवतो.

हिंदू कोड बिलात साचा होताच, पण ज्यांना निर्णयच नको होता त्यांनी वेळ हेच हत्यार केलं. वेळेची मर्यादा आणि निर्णयाची तारीख नसेल तर नियम पाळूनही चर्चा मारता येते.

आणि विभागलेपणाबद्दल म्हणाल तर १७ डिसेंबर १९४६ चं आंबेडकरांचं भाषण पाहा. आपण आज राजकीय, सामाजिक, आर्थिक दृष्ट्या विभागलेले आहोत, लढणाऱ्या छावण्यांचा समूह आहोत, आणि अशा एका छावणीचा मी बहुधा एक नेता आहे, अशी कबुली त्यांनी दिली. ‘तुम्ही फूट पाडता’ असं नाही, ‘मीही एका छावणीचा आहे’ असं. आणि मग सुचवलं की घोषणा बाजूला ठेवू, लोकांना भेडसावणारे शब्द बाजूला ठेवू, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत देऊ, म्हणजे ते सोबत येतील. बॅ. जयकरांनी उद्दिष्टांचा ठराव (संविधानाची ध्येयं सांगणारा, उद्देशिकेचा पाया) लांबणीवर टाकायची सूचना केली होती ती लीगची वाट पाहायला, आणि आंबेडकर तिच्या बाजूने उभे राहिले. ठराव शेवटी २२ जानेवारी १९४७ ला झाला.

रानवारा

‘भेडसावणारे शब्द बाजूला ठेवू’ याला +१. आपल्याकडे वाद सुरूच मुळी अशा शब्दांनी होतो.

नांदीकार

बहुधर्मी सभा किंवा गट चालवणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून ही रीत आजच्या बैठकीत कशी बसवायची ते लिहितो. १५ ते ४० माणसं, दोन तास, एक विषय, यापेक्षा जास्त घेऊ नका.

विषय आधी दोन दिवस लेखी द्या, तोही ठरावाच्या रूपात, ३० शब्दांच्या आत. ‘सणांमधला आवाज’ हा विषय नव्हे. ‘रात्री १० नंतर कुठल्याही धार्मिक वा इतर कार्यक्रमात ध्वनिवर्धक वापरू नये’ हा ठराव झाला. ठरावात कर्ता कोण ते लिहा: ‘मी’ की ‘आम्ही’. टिपणवहींच्या नियमाचा उपयोग इथेच होतो. कोणाला ‘माझ्या धर्मानुसार’ असं म्हणायचं असेल तर ते भाषणात यावं, ठरावाच्या मजकुरात येऊ नये.

मांडणाऱ्याला ५ मिनिटं. त्यानंतर १० मिनिटं फक्त माहितीचे प्रश्न. प्रश्न की भाषण हे ओळखायची सोपी खूण अशी: ‘तुम्हाला असं वाटत नाही का’ ने सुरू होतं ते भाषण.

मग विरोध. इथे जुनी पूर्वपक्षाची शिस्त लावा. विरोध करणाऱ्याने आधी मांडणाऱ्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि मांडणाऱ्याने ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं म्हटल्यावरच पुढे जायचं. पहिल्या खेपेला हे बहुतेकांना जमत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जमतं. यात १० मिनिटं जातात आणि पुढची ४० वाचतात, कारण निम्मी भांडणं समोरच्याने न म्हटलेल्या वाक्यावर असतात.

दुरुस्त्या लेखी, शब्दाला शब्द. दुरुस्तीवर दुरुस्ती एकदाच, तिसरी पातळी घेऊ नका, नाहीतर मत कशावर द्यायचं तेच कोणाला कळत नाही. शेवटी मांडणाऱ्याला उत्तराचा हक्क, ३ मिनिटं. हा हक्क विसरलात तर माणूस दुखावून जातो आणि पुढच्या वेळी येत नाही. मग मत. निकाल आकड्यांसह टिपणात, आणि अल्पमताचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत खाली.

बिघडतं कुठे तर अध्यक्षाच्या तोंडाशी. सूत्रचालक ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय’ करत स्वतःचं मत घुसवतो. त्याने सारांश करू नये, फक्त वेळ आणि क्रम पाहावा. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक समाजाचा एक ‘प्रतिनिधी’ बसवणं. तो माणूस मग स्वतःचं मत बोलत नाही, त्याला वाटतं की आपण अख्ख्या समाजाचा किल्ला लढवतोय. एकाच धर्माची किमान तीन माणसं असू द्या. त्यांच्यातले मतभेद दिसले की बाकीच्यांचा अर्धा गैरसमज तिथेच गळतो.

समईवात

@नांदीकार, हा प्रतिसाद जपून ठेवण्याजोगा आहे. शेवटचा मुद्दा तर अगदी खरा. त्याला संविधान सभेतलाच दाखला देता येईल. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा रद्द करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा मुस्लिम सदस्यांत एकमत नव्हतं. बेगम ऐजाज रसूल यांनी राखीव जागांना ठाम विरोध केला, त्यांना ते अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून तोडणारं, आत्मघातकी हत्यार वाटत होतं. मद्रासचे मोहम्मद इस्माईल उलट बाजूला होते. एकालाच ‘प्रतिनिधी’ म्हणून बोलावलं असतं तर यातलं एक मत आपल्याला कधी कळलंच नसतं.

ओवीकार

थोडं अवांतर, पण मराठी धाग्यावर हे यायलाच हवं. एकनाथांचं ‘हिंदु-तुर्क संवाद’ हे भारूड. १६ व्या शतकात दोन धर्मांची माणसं एकमेकांच्या उपासनेवर, सोवळ्याओवळ्यावर, पुराणकथांवर तुटून पडतात. शब्द मऊ नाहीत. शेवटी दोघं समजुतीला येतात आणि एकमेकांना आलिंगन देतात.

यातून मला दिसतं ते हे, की सभ्यपणा म्हणजे गुळमुळीतपणा नव्हे. त्या दोघांना एकमेकांच्या धर्मातलं माहीत आहे, म्हणून टीका नेमकी जागेवर लागते. आणि दोघंही बोलणं अर्ध्यावर टाकून निघून जात नाहीत.

कलमदान

@ओवीकार, आज हाच संवाद कोणी जाहीरपणे केला तर पहिला प्रश्न येईल ‘भावना दुखावल्या’चा. म्हणून कायदा नेमका काय म्हणतो ते सांगतो, कारण यावर गैरसमज फार.

भारतीय दंड संहितेचं कलम २९५-अ १९२७ मध्ये आलं. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे. शिक्षा कमाल ३ वर्षं. पण गुन्हा व्हायला ‘बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने’ धर्माचा वा धर्मश्रद्धांचा अपमान व्हावा लागतो. १९५७ च्या रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं ते याच आधारावर. अजाणता, निष्काळजीपणे झालेला अपमान यात बसत नाही, असं निकालात स्पष्ट आहे.

म्हणजे ‘मला वाईट वाटलं’ एवढ्याने कायद्याचं कलम लागत नाही. आणि उलट बाजूही लक्षात घ्या. कलम लागत नाही एवढ्याने बोलणं शोभून दिसतं असंही नाही. कायदा ही शेवटची भिंत आहे. भिंतीला पाठ लागेपर्यंत बोलत राहणं हा काही चर्चेचा नमुना होऊ शकत नाही.

बैठकीत कोणी ‘भावना दुखावल्या’ म्हटलं तर चर्चा थांबवू नका, दोन प्रश्न विचारा: नेमका कोणता शब्द, आणि तो बदलून कोणता शब्द चालेल? पहिल्याचं उत्तर असेल तर दुरुस्ती करता येते. नसेल तर आक्षेप शब्दावर नाही, विषयावरच आहे, आणि तेही उघड झालेलं बरं.

रानवारा

विरोधकाला माहितीने उत्तर द्यायचा नमुना हवा असेल तर २३ नोव्हेंबर १९४८ ची समान नागरी कायद्यावरची चर्चा पाहावी. मोहम्मद इस्माईल, नझिरुद्दीन अहमद, महबूब अली बेग, पोकर साहेब यांनी व्यक्तिगत कायद्याला संरक्षण मागितलं. आंबेडकरांनी ‘तुम्ही प्रतिगामी’ असं म्हटलं नाही. शरियत सगळीकडे पूर्वापार एकसारखी लागू होती या गृहीतावर त्यांनी बोट ठेवलं. वायव्य सरहद्द प्रांतात १९३५ पर्यंत ती लागू नव्हती. १९३७ पर्यंत संयुक्त प्रांत, मध्य प्रांत, मुंबई अशा भागांतल्या मुसलमानांना वारशाच्या बाबतीत बऱ्याच अंशी हिंदू कायदा लागू होता. उत्तर मलबारात मातृसत्ताक मरुमक्कथायम कायदा हिंदूंसोबत मुसलमानांनाही होता.

आणि हे दाखवून झाल्यावर विजयाचा झेंडा मिरवला नाही. पुढची संसद सुरुवातीला असा कायदा स्वेच्छेने स्वीकारणाऱ्यांपुरता करू शकेल, ही वाट त्यांनी मोकळी ठेवली. वस्तुस्थितीत तसूभर माघार नाही, आणि समोरच्याला भिंतीशी रेटलेलंही नाही.

उंबरठा

आता टिपणवहींच्या नियमाची खरी परीक्षा होईल असं उदाहरण देतो. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबर १९४८ ला, गोवंशाचा विषय आला.

ठाकूरदास भार्गवांनी दुरुस्ती मांडली. मूलभूत हक्कांऐवजी ती (कोर्टात बजावून घेता न येणाऱ्या) मार्गदर्शक तत्त्वांत ठेवायला ते राजी झाले. आजच्या अनुच्छेद ४८ ची भाषा पाहा: शेती आणि पशुसंवर्धन ‘आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने’ संघटित करणं, जातींची सुधारणा, आणि गायी, वासरं, दुभती व जुंपणीची जनावरं यांच्या कत्तलीला मनाई. म्हणजे ‘आम्ही’च्या मजकुरातून श्रद्धा काढली आणि अर्थशास्त्र घातलं. तुमच्या नियमानुसार हे आदर्श झालं, नाही का?

पण त्या दिवशी झहीरुल हसनैन लारी आणि सादुल्ला या मुस्लिम सदस्यांचं म्हणणं उलट होतं. बहुसंख्याकांच्या श्रद्धेचा प्रश्न असेल तर तसं स्पष्ट म्हणा, म्हणजे आम्हाला काय ते कळेल. आर्थिक कारण पुढे करू नका. ज्यांचं नुकसान होणार होतं तेच म्हणत होते की श्रद्धा लपवू नका.

लपवण्याची किंमत पुढे कोर्टात दिसली. १९५८ च्या कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला चारा, शेण, ओढकामाची ताकद यांचा हिशोब करावा लागला. गायीवरची पूर्ण बंदी टिकली, पण निरुपयोगी झालेल्या बैलांवरची पूर्ण बंदी टिकली नाही. २००५ मध्ये मिर्झापूर खटल्यात ७ न्यायमूर्तींच्या पीठाने तो भाग फिरवला, तोही शेणाच्या उपयोगाचा विचार करूनच. बाहेर लोक श्रद्धेवर भांडत होते आणि आत शेणखताचं मोजमाप चाललं होतं. जे कारण मनात आहे ते टेबलावर नाही, अशा चर्चेत सभ्यपणा असतो, प्रामाणिकपणा नसतो.

समईवात

@उंबरठा, अगदी हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही फार चांगलं मांडलंत. सर्वांना चालेल अशा भाषेची सक्ती केली की श्रद्धाळू माणूस श्रद्धा सोडत नाही, तिचं दुसरं नाव ठेवतो. मग समोरचा त्या दुसऱ्या नावावर विश्वास ठेवत नाही आणि संशयाला खतपाणी मिळतं.

टिपणवही

@उंबरठा, @समईवात, दोघांमुळे माझा नियम मला दुरुस्त करावा लागतोय.

‘आम्ही’च्या मजकुरात श्रद्धा नको, हे मी धरून राहतो. पण त्या मजकुरामागचं खरं कारण ‘मी’ म्हणून चर्चेत सांगितलंच पाहिजे, हा भाग मी सोडून दिला होता. लारींनी मागितलं ते हेच. कोणी म्हणालं असतं की ‘माझ्या श्रद्धेसाठी मला हे हवंय, आणि तुमच्यावर ते लादण्यासाठी माझ्याकडे याखेरीज अमुक कारण आहे, ते तपासा’, तर लारी आणि सादुल्ला दोन्हींना वेगवेगळं उत्तर देऊ शकले असते. दुसरं कारण तपासात टिकलं नाही तर मागणी मागे घ्यायची तयारी हवी. ती नसेल तर दुसरं कारण सांगायचं कष्टच घेऊ नये.

दुसरं, ‘आम्ही’मध्ये श्रद्धा नाही तर मग काय आहे, हा प्रश्न राहतोच. नुसती रिकामी जागा असेल तर समईवातांची तक्रार बरोबर ठरते. पण ती रिकामी नाही. उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, स्वातंत्र्य, समानता होते, बंधुता नव्हती. ती मसुदा समितीने १९४८ मध्ये घातली, आणि त्या काळात बंधुभावाची गरज पूर्वी कधी नव्हती इतकी आहे असं कारणही दिलं. मराठी उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आधी येते आणि ‘राष्ट्राची एकता आणि एकात्मता’ नंतर, आणि दोन्हींचं आश्वासन देणारी म्हणून बंधुता. (‘एकात्मता’ १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीतली, तिच्यासोबतच ‘समाजवादी, धर्मनिरपेक्ष’ हे शब्द आले.) बंधुतेपर्यंत कोणी भक्तीतून येईल, कोणी करुणेतून, कोणी निव्वळ विवेकातून. तिथे येऊन थांबलं की ‘आम्ही’ म्हणता येतं.

लोलक

आणि ‘आम्ही’ म्हणताना एखाद्याच्या तोंडून शब्दच फुटत नसेल तर? १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला. केरळातली तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार पंथाची. राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदराने उभं राहणं पुरेसं आहे, गायलाच हवं अशी सक्ती नाही, आणि मुलांना परत घ्यायला लावलं. न्या. चिन्नप्पा रेड्डींनी निकाल संपवताना म्हटलं की आपली परंपरा, आपलं तत्त्वज्ञान आणि आपलं संविधान तिन्ही सहिष्णुता शिकवतात आणि पाळतात, ती पातळ करू नका.

म्हणजे ‘आम्ही’त मूकपणे उभं राहायलाही जागा आहे.

नांदीकार

@लोलक, याची सोय बैठकीतही करता येते. मत घेताना बाजूने आणि विरोधात याखेरीज ‘उपस्थित, तटस्थ’ असा तिसरा रकाना ठेवा आणि कारण विचारू नका. पूर्णिमा बॅनर्जींनी १७ ऑक्टोबरला कामतांना विनवलं होतं की देवावर मत द्यायच्या पेचात आम्हाला टाकू नका. मानणाऱ्या सदस्यांनाही तो पेच होता, कारण विरोधात हात वर करणं म्हणजे देवाला नाकारणं असं दिसलं असतं. ज्या प्रश्नावर ‘नाही’ म्हणणं अपमानास्पद दिसतं तो प्रश्न मतदानाला टाकूच नये, शब्दरचना बदलून मग टाकावा.

समईवात

टिपणवहींनी केलेली दुरुस्ती मला पटली, निम्म्याहून जास्त.

पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी सभागृहात असतो तर माझा हात ४१ मध्येच वर गेला असता. आणि निकाल जाहीर झाल्यावर उरलेलं वाक्य, ‘आम्ही भारताचे लोक’पासून पुढचं, मी सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटलं असतं. देवाचं नाव मनात घेऊन.

उंबरठा

@समईवात, आणि मी ६८ मध्ये. बाकीचं वाक्य तुमच्या शेजारी उभं राहून.